देवघरातला स्पीकर

“शेजाऱ्याला कळलं न्हाई, तर घेऊन उपयोग काय?”

हे मोठे काका बाबांच्या कानाशी म्हणाले. पण मोठ्या काकांचं कानाशी बोलणं म्हणजे इतरांचं हाका मारणं. दुकानातल्या तीन-चार गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. बाबा हसले. थोरला भाऊ काही बोलला की बाबा आधी हसून घेतात, अर्थ मागून लागतो. कधी लागतही नाही.

दिवाळीला चार-पाच दिवस होते. नांदेडच्या वजिराबादेतलं ते दुकान, बाहेर झेंडूच्या माळा, आत टीव्हींची भिंत, आणि सगळ्या टीव्हींवर एकच समुद्र. आम्ही होम थिएटर घ्यायला आलो होतो. मोठे काका खास त्यासाठी लातूरहून आले होते, कारण आमच्या खानदानात होम थिएटर आधी त्यांनी घेतलं होतं आणि त्यामुळे त्या विषयातले जाणकार तेच. आई दोन फ्रिजच्या मध्ये ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. सगळे हसले तशी तीही हसली. मात्र क्षणभर उशिरा. बाबांच्या तोंडाकडे बघून.

तो क्षणभराचा उशीर त्या अख्ख्या दुकानात फक्त मला दिसत होता.

यंदा पुन्हा तेच दिवस आलेत म्हणून हे आठवतंय. सोयाबीन निघालंय. लातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला पोत्यांनी लादलेल्या गाड्या आहेत, शेतांतून मळणीची मशिनं चालू आहेत, आणि हवेत तो बारीक पिवळट भुसा आहे, जो पापणीच्या आत जातो आणि दिवसभर तिथेच राहतो. शहरात दुकानदारांनी स्पीकर फुटपाथवर आणून ठेवलेत. एका दुकानाचा ठोका दुसऱ्या दुकानाच्या ठोक्यावर पडतो आणि मधून चालणाऱ्या माणसाच्या छातीत तिसराच काहीतरी ताल सुरू होतो. लोक थांबतात, मान डोलावतात. “सौंड हाय बरं,” म्हणतात. काय वाजतंय ते कुणी विचारत नाही.

आमच्या भागात आवाज ऐकायचा नसतो, सोसायचा असतो. ज्याला जास्त सोसवतं तो मर्द. वरातीत ज्याच्या गाडीवर स्पीकरचे जास्त डबे, त्याची इज्जत जास्त. कानांत कापूस कोंबून घोड्यावर बसलेला नवरदेव मी पाहिलाय; स्वतःच्या वरातीचा खर्च स्वतः केलेला आणि ती ऐकू येऊ नये म्हणून कापूसही स्वतःच घातलेला. त्याच्या मागे त्याचे मित्र त्या भिंतीएवढ्या डब्यांना कान लावून नाचत होते. मला त्यांची कीव आली असती तर बरं झालं असतं. मला फक्त किळस आली.

माझा तिरस्कार हा असा आहे, आतल्या आत भरपूर. बाहेर काही नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठी बोललं की दंड होता, आणि घरी इंग्रजी बोललं की “लई शाणी झाली” होतं; मग मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले आणि त्यात पहिला नंबर काढला. त्या शाळेचा घरात एकच उपयोग झाला. कुठलीही वस्तू आणली की तिचा डबा माझ्यापुढे सरकवायचा. मिक्सरचा डबा, गिझरची पुस्तिका, गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं. “एवढी फी भरली, वाच की.” मी वाचायची. वाचून सांगायला तोंड उघडेपर्यंत डबा फोडलेला असायचा.

त्या दुकानात गेलो त्याच्या आदल्या वर्षी बाबांनी मोठा टीव्ही घेतला होता. भिंतीवर चित्र लावावं तसा सडपातळ. एवढ्या पातळ अंगात आवाजाला जागा कुठली? त्याचे चिमुकले स्पीकर पाठीमागे होते. ते जे काही बोलायचे ते भिंतीला सांगायचे, आणि भिंत आम्हाला तिच्या मनाप्रमाणे सांगायची. बाबांना चालायचं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पन्नास पोरांच्या गलक्यातून एकाचं नाव ऐकण्याची त्यांच्या कानांना सवय. पण तो टीव्ही आल्यापासून आईचं संध्याकाळी हॉलमध्ये बसणं कमी झालं. कोथिंबीर निवडायला घेऊन यायची, पाच-सात काड्या निवडायची, आणि गॅसवर काहीतरी ठेवल्यासारखी उठून जायची. गॅसवर काही नसायचं. मी पाहिलंय.

“हिला आता गोडीच राहिली न्हाई कशाची,” बाबा म्हणायचे.

गोडी! जिला गोष्टीची गोडी नाही असं बाबा म्हणत होते, ती अर्धापूरच्या केळीच्या बागेत वाढलेली. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खुंटीला रेडिओ टांगलेला असायचा आणि ती त्याच्याखाली बसून श्रुतिका ऐकायची. माणसं दिसत नसत, म्हणून ती त्यांना आवाजावरून चेहरे द्यायची. हा जाड मानेचा असणार, हिच्या नाकात नथ असणार. मी लहान असताना ताप आला की ती मला पाहिलेला सिनेमा सांगायची, सगळे आवाज काढून. खलनायकाचा खोकलासुद्धा. पुढे तोच सिनेमा मी टीव्हीवर पाहिला तेव्हा मला तो आईच्या सिनेमापेक्षा फिका वाटला होता.

आणि आता ती बाबांच्या तोंडाकडे बघून हसत होती. बाबा हसले की हसायचं, बाबांनी च् केलं की च् करायचं. बाबांना वाटायचं, बायकोचं आणि आपलं किती जमतं.

तेव्हा मला वाटलं होतं की सगळा दोष त्या टीव्हीचा. बाबांनी दिवाळीला होम थिएटर घ्यायचं ठरवलं आणि “वीस हजाराच्या वर एक रुपया न्हाई” असं जाहीर केलं, तेव्हा मी मनातून खूश झाले. मला वाटलं, चला, आईची संध्याकाळ परत येईल. एवढंच मला हवं होतं. बाकी घराला काय हवं होतं ते मला दसऱ्याच्या दिवशी लातूरला कळलं.

दसऱ्याला आम्ही मोठ्या काकांकडे सोनं द्यायला जातो. बाबा धाकटे, म्हणून जायचं आम्ही. मोठ्या काकांची लातूरला तीन मजली इमारत आहे. वरच्या दोन मजल्यांवर डॉक्टर व्हायला आलेली पोरं राहतात, एका खोलीत तिघं, आणि जिन्यात पाटी आहे: ‘मोठ्याने बोलू नये. इतरांच्या अभ्यासात व्यत्यय येतो.’ त्या पाटीच्या बरोबर खाली, भिंतीच्या पलीकडे, मोठ्या काकांचा हॉल आहे आणि त्या हॉलमध्ये त्यांचं होम थिएटर. जेवणं झाली की ते सुरू होतं. मी एकदा जिन्यात उभी राहून वरच्या खोलीकडे पाहिलं होतं. एक पोरगी पुस्तकावर पट्टी आडवी धरून बसली होती, टेबल हलत होतं म्हणून.

आम्ही आपट्याची पानं दिली, पाया पडलो, पुरणाच्या पोळ्या झाल्या. मग मोठे काका म्हणाले, “चला, मॅडम, तुमाला थेटर दाखवतो.” ते मला मॅडम म्हणतात. त्यात आदर नाही, फी आहे.

त्या हॉलचं मी काय वर्णन करू? पाच स्पीकर असतात त्या संचात. दोन पुढे ठेवायचे, दोन पाठीमागे, आणि पाचवा, लांबट, टीव्हीच्या बरोबर खाली. शिवाय धडधड करणारा जाड डबा, तो जमिनीवर. हे त्या डब्यावर चित्र काढून दाखवलेलं असतं. इंग्रजी यायची गरज नाही. मोठ्या काकांनी चारही स्पीकर शोकेसमध्ये एका ओळीत मांडले होते, कपबशांच्या पुढे, प्रत्येकावर दसऱ्याचा झेंडू आणि हळदीकुंकवाचं बोट. मागच्या बाजूला ठेवले तर कुणाला दिसणार? जाड डब्यावर स्वस्तिक काढलेलं, त्याचं प्लॅस्टिक अजून अंगावर.

“आणि पाचवा?” बाबांनी विचारलं.

“तो लांबडा व्हय? तो हितं ठिवला की आण्णांचा फोटो झाकतोय.” आण्णा म्हणजे आमचे आजोबा, टीव्हीखालच्या टेबलावर त्यांची हार घातलेली तसबीर. “मग म्हटलं खामखा पडून कशाला राहावं? वायर ओढून घेतली अन् देवघरात बसवला. सकाळी आरती लागती. हिचंबी काम झालं.”

बाबांनी कौतुकाने मान हलवली. मी त्या वायरीकडे पाहत राहिले. ती टेबलामागून निघून, खिळ्यांना धरून, भिंतीतल्या नव्या भोकातून देवघरात गेली होती.

मग सिनेमा लागला. मारामारीचा होता. हॉलमध्ये बाबा, मोठे काका आणि मी. आणि काय सांगू, त्या सिनेमात कुणी बोलतच नव्हतं. गाड्या उलटत होत्या, काचा फुटत होत्या, कपबशा एकमेकींवर किणकिणत होत्या, आणि माणसं मात्र तोंडं उघडून मिटत होती, हौदातल्या माशांसारखी. मधूनच कुठून तरी खोलवरून पुटपुटल्यासारखं यायचं. पाचवा स्पीकर बोलण्यासाठी असतो. सिनेमातलं जवळजवळ सगळं बोलणं त्यातून येतं. मोठ्या काकांच्या घरी सगळं बोलणं देवघरात चाललं होतं.

“आजकालच्या पिक्चरमधी बोलणं राह्यलंच न्हाई बग,” मोठे काका बाबांना ओरडून म्हणाले. “निसती ॲक्शन.”

“हाव ना दादा,” बाबा ओरडले.

दोन वर्षं. दोन वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी मुके सिनेमे बघत होता आणि दोष सिनेमाला देत होता. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला मराठीत चांगला शब्द असेल. मला माझ्या शाळेने तो शिकवला नाही. सांगावंसं वाटलं का? वाटलं. तोंडापर्यंत आलं, आणि मॅडम म्हणून होणारा जो हशा असतो तो आठवून परत गेलं.

मी उठून देवघराकडे गेले. तेवढ्यात आई हसली.

ती देवघराच्या उंबऱ्यात बसली होती, मोठ्या काकूंबरोबर वाती वळत. आत, गणपती आणि खंडोबाच्या टाकांमध्ये, तो लांबडा स्पीकर आडवा निजवलेला होता आणि खलनायक त्यातून कुणाला तरी आई-बापावरून शिव्या देत होता.

“बघ बाई,” मोठ्या काकू म्हणाल्या, “आमचा देव लई शिवराळ झालाय ह्या माणसापायी.”

आई पुन्हा हसली. पण ती काकूंच्या बोलण्याला हसली नव्हती, हे मी पाहिलं. काकूंचं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्या तिच्या पाठीमागून बोलल्या होत्या. ती स्पीकरला हसली होती. तिथे नायकाच्या मित्राने काहीतरी वेडगळ उत्तर दिलं होतं आणि आई त्यावर, कुणाच्याही तोंडाकडे न बघता, वेळेवर हसली होती.

मी किती दिवसांनी तिला वेळेवर हसताना पाहत होते ते मोजायचा मी प्रयत्न केला आणि मला मोजता येईना. दोष नुसता टीव्हीचा नव्हता. माझ्या आईला ऐकू कमी येत होतं. शांत खोली, हातभरावरचा आवाज, मध्ये धडधड नाही, एवढं मिळालं तेव्हा तिला कळत होतं. एरवी ती आमच्यात बसून आमचा मुका सिनेमा बघत होती.

आणि घरात कुणाच्या लक्षात कसं येणार? आमच्याकडे धाकट्या सुनेने थोरल्या दिरापुढे बोलायचं नसतं. मोठे काका काही बोलले आणि आई गप्प राहिली की ती मर्यादा. त्यांनी काही विचारलं आणि तिने नुसता पदर सारखा केला की तो संस्कार. वीस-बावीस वर्षं तिच्या न बोलण्याचं त्या घरात कौतुकच झालेलं. “आमची धाकटी सून एका शब्दाला दुसरा देत न्हाई.” दुसरा कशी देईल? पहिला पोचायला तर हवा. बहिरेपणाला झाकायला त्या रीतीइतका मोठा पदर कुठे मिळाला नसता, आणि त्या पदराखाली माझ्यासारखी सगळं बघणारी मुलगीसुद्धा आंधळी राहिली होती. मोठ्या काकांना हसणं सोपं होतं. त्यांनी स्पीकर देवघरात ठेवला होता. मी आईला कुठे ठेवलं होतं?

परतीच्या बसमध्ये आईने मला तो सगळा सिनेमा सांगितला. आवाज काढून. खलनायक दमेकरी होता हे मला तेव्हा कळलं. बाबा पुढच्या सीटवर झोपले होते. अहमदपूरच्या पुढे मी हळूच तिच्या कानाशी म्हणाले, “आई, तुला कमी ऐकू येतं ना?” ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, हेही पोचलं नाही. मग ती म्हणाली, “डाव्या बाजूनं बोल.” मी जागा बदलून पुन्हा विचारलं.

“पहिल्यांदाच कळालं होतं,” ती म्हणाली. “जरा वेळ घेत होते.”

मग तिने सांगितलं की दोन वर्षं झाली असतील. आधी भांड्यांचे आवाज मऊ झाले, मग माणसांचे. शब्दांची टोकं ऐकू येत नाहीत, नुसता मधला गर येतो. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणाली, “जाऊ की दिवाळी झाल्यावर.” आणि लगेच माझा हात धरला. “कुणाला सांगू नगं. तुझ्या मोठ्या काकांनी त्यांच्या सासूचं काय केलं पाह्यलंस ना. म्हातारीच्या मागं उभं राहून ‘आग लागली, आग लागली’ म्हणायचे अन् सगळे हसायचे.”

पाहिलं होतं. मी त्या सगळ्यांत बसले होते. हसले नव्हते, एवढंच. त्या वेळी मला तो फार मोठा गुण वाटला होता.

मी कुणाला सांगणार नाही म्हणाले.

नंतरचे पंधरा दिवस मी होम थिएटरचा अभ्यास केला. विष्णुपुरीला माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. परीक्षेचा केला नाही एवढा अभ्यास मी त्याचा केला. इंटरनेटवर इंग्रजीत लिहिणारे लोक असतात ज्यांच्या घरी आवाजासाठी वेगळी खोली असते. ते एकमेकांना ‘कमी बजेटवाल्यांसाठी’ म्हणून जे सुचवतात त्यात आमचा टीव्ही, फ्रिज आणि कूलर मिळून येतील. एकाने लिहिलं होतं, वायर सोन्याचा मुलामा दिलेली घ्या, नाहीतर व्हायोलिनचा आत्मा हरवतो. हे लोक आणि वरातीतले लोक, मला दोघेही सारखेच वाटले. एकाला छाती हलवायची आहे, दुसऱ्याला नाक वर करायचं आहे. समोरचा काय बोलतोय याच्याशी दोघांनाही काही घेणं नाही.

पण त्या गचपणातून मला हवं ते मिळालं. वीस हजारांत पाच स्पीकर आणि जाड डबा घेतला की सहा वाईट वस्तू मिळतात. त्याच पैशांत दोनच स्पीकर घेतले, पुस्तकांच्या कप्प्यात मावतील एवढे, आणि सोबत एक छोटा अँप्लिफायर, तर तीन चांगल्या वस्तू मिळतात. दोघांच्या बरोबर मध्ये बसलं की माणसाचा आवाज समोरून, स्वच्छ येतो. जाड डबा नको म्हणजे नकोच. त्याची धडधड खालून पसरते आणि शब्दांची टोकं बुडवून टाकते. ज्याला आधीच टोकं ऐकू येत नाहीत त्याला मग काहीच उरत नाही. हेही वाचलं की डब्यावर पुढे मोठ्या अक्षरांत पाच हजार वॅट लिहितात, आणि मागे, वायर जिथे जाते तिथल्या पट्टीवर, साठ. पुढचं वाचणारे आणि मागचं वाचणारे असे जगात दोन प्रकार आहेत आणि मोठे काका कुठल्या प्रकारचे हे सांगायला नको.

हे सगळं मी एका कागदावर मराठीत, सुवाच्य अक्षरांत लिहिलं. आईचं नाव कुठे येऊ दिलं नाही. बाबांच्या चहाच्या कपाजवळ ठेवलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं, अक्षराचं कौतुक केलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “दादाला विचारतो.”

म्हणून दादा आले होते, लातूरहून, सकाळच्या गाडीने.

दुकानातल्या माणसाचं नाव गजूभाऊ. तो बाबांना सर म्हणत होता आणि बघत होता मोठ्या काकांकडे. खरेदी कोण करणार हे दुकानदाराला आपल्या आधी कळतं. त्याने पेनड्राइव्ह लावला. आधी हेलिकॉप्टर आलं, ते आमच्या डोक्यावरून फ्रिजकडे गेलं. मग काच फुटली, मग वीज कडाडली. मग पुन्हा हेलिकॉप्टर. मला हवे होते तसे दोन छोटे स्पीकर मागच्या फळीवर होते, त्यांना त्याने हातही लावला नाही.

त्या पेनड्राइव्हमध्ये एकही माणूस बोलत नव्हता. माझ्या तेव्हा लक्षात आलं की होम थिएटरच्या दुकानात कधीच कुणाला बोलताना ऐकवत नाहीत. लोकांना रोज घरी काय ऐकायचं असतं? “भाजी काय केलीय,” “उद्या शाळा आहे का,” टीव्हीवरच्या बाईचं रडणं. आणि विकत घेतात हेलिकॉप्टर.

“काका, हे बघा,” गजूभाऊ म्हणाला आणि त्याने पाण्याने भरलेला स्टीलचा ग्लास जाड डब्यावर ठेवला. आवाज वाढवला. पाणी थरथरलं, मग उड्या मारायला लागलं, मग ग्लासाबाहेर आलं. मोठ्या काकांनी टाळी दिली.

“हेच फिक्स कर! आमच्याकडं निसतं हलतंय, हितं सांडलं! काय रे, मास्तर?”

“लई भारी,” बाबा म्हणाले.

“काका, तुमच्या भावाचं घर लांबूनच ओळखू येईल आता,” गजूभाऊ म्हणाला, आणि तिघे हसले.

आई या वेळी हसली नाही. ती बाबांकडे बघतच नव्हती. तिने डोक्यावरचा पदर कानांवर ओढून दोन्ही बाजूंनी दाबून धरला होता आणि डोळे मिटले होते. कमी ऐकू येणाऱ्याला मोठा आवाज सुखाचा असतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. बोलणं पोचत नाही आणि दणका मात्र पोचतो, सगळाच्या सगळा.

मोठ्या काकांचं तिच्याकडे लक्ष गेलं. “बघ,” ते बाबांना म्हणाले, “माणसं दिसली की अजून डोईवरचा पदर सांभाळती. ह्याला वळण म्हणायचं. आमच्या मॅडमला शिकवा जरा.”

बाबांनी अभिमानाने आईकडे पाहिलं आणि पाकीट काढलं. गजूभाऊने पावतीपुस्तक उघडलं, मधला कार्बन सारखा केला आणि विचारलं, “सर, नाव काय टाकू?”

मला आतमध्ये सगळी वाक्यं तयार होती. पंधरा दिवस तयार होती. मोठ्या काकांसाठी एक होतं, फार धारदार; गजूभाऊसाठी एक, मागच्या पट्टीवरच्या साठ वॅटचं; बाबांसाठी तर कितीतरी. तिरस्काराचं हेच सुख असतं, त्याला आवाज लागत नाही. भिंतीला टेकून तो वर्षानुवर्षं करता येतो, आणि करणाऱ्याला वाटत राहतं की आपण काहीतरी करतो आहोत. मी त्या तिघांना मनात पुरेपूर तुच्छ लेखलं होतं आणि तरी दोन मिनिटांत पावती फाडली जाणार होती, तो डबा आमच्या हॉलमध्ये येणार होता, आणि आई पाच काड्या कोथिंबीर निवडून उठून जाणार होती. या वेळी कायमची. बाबा म्हणणार होते, एवढं आणलं तरी हिला गोडी नाही.

आणि बोलले असते तर? बसमधला तो हात मला अजून मनगटावर जाणवत होता. मोठे काका तिच्या मागे उभे राहून काय ओरडतील तेही ऐकू येत होतं. ते माझ्यामुळे होणार होतं. मी शब्द दिला होता, आणि मला पाळता आलेली एकच गोष्ट म्हणजे गप्प राहणं.

मी भिंत सोडली. काउंटरपर्यंत पाच-सहा फरश्या होत्या. माझ्या चपलेचा आवाज हेलिकॉप्टरमध्ये मलाही ऐकू आला नाही. मी काउंटरवरचा रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अचानक झालेल्या त्या शांततेने आईनेही डोळे उघडले.

“काय झालं, मॅडम?” मोठे काका म्हणाले.

मी आईच्या डाव्या बाजूला गेले, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, गजूभाऊकडे बघत म्हणाले:

“नाव आईचं टाका. तिला ऐकू कमी येतं. ते दोन छोटे स्पीकर लावा आणि कुणीतरी नुसतं बोलत असेल असं काहीतरी लावा. तिला कळलं तर घेऊ, नाही कळलं तर दुसरे दाखवा. आम्हाला घाई नाही.”